आबांच्या सहली

मंडळी,

तुमच्या वर्गात येऊन चार शब्द बोला, असा निरोप आला, म्हणून आम्ही आलो. आम्ही शाळामास्तर. जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, पास झालो. मास्तरकीचे शिक्षण घेतले. पोरांना शिकवता शिकवता मुख्याध्यापक झालो आणि निवृत्त झालो. मोठे व्याख्यान देण्याएवढी आमची विद्या नाही. म्हणून घरचीच गोष्ट सांगतो. आमचे वडील आम्हा दोघा भावांना उन्हाळ्यात फिरायला नेत असत. त्या सहलींची ही गोष्ट.

तुम्ही म्हणाल, सहल ही पैसेवाल्यांची चैन. कष्टकऱ्याला तिचे काय? थोडे थांबा. सगळे ऐका, मग ठरवा.

वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. आबा सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातले. जमीन थोडी आणि खाणारी तोंडे फार. म्हणून ते मुंबईला आले आणि कापडाच्या गिरणीत लागले. त्या काळी असे पुष्कळ लोक आले. साताऱ्याचे आले, रत्नागिरीचे आले, कोल्हापूरचे आले. परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागात जिकडे तिकडे गिरण्यांची धुराडी. त्या भागाला नावच पडले गिरणगाव.

आमची खोली लालबागला, चाळीत. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद. तिच्यात आई, आबा, आम्ही आणि आमचा धाकटा भाऊ. धाकटा आमच्याहून तीन वर्षांनी लहान. शिवाय आई गावाकडच्या चार कामगारांना जेवण करून घाली. त्यांच्या पंगती उठल्या की मग आम्ही बसायचे.

आबा साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. पण ते कायम नव्हते, बदली होते. बदली म्हणजे काय? रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात हजर व्हायचे. कायमचा एखादा कामगार आला नाही, तर त्याच्या जागी काम मिळायचे. काम मिळाले तर मजुरी. नाही तर हात हलवीत घरी यायचे.

मे महिना आला की चाळ रिकामी होई. लग्ने असत, जत्रा असत. लोक पोराबाळांना घेऊन गावाला जात. आम्हाला दर वर्षी जाणे जमत नसे. चौघांचे भाडे कोठून आणायचे? आणि आबांनी महिनाभर तोंड दाखवले नाही, तर गिरणीच्या दारात त्यांना कोण विचारणार? एका उन्हाळ्यात सगळी पोरे गेली आणि आम्ही दोघे गॅलरीत तोंड पाडून बसलो. आबा म्हणाले,

"गाव न्हाई तर न्हाई. मुंबई काय बारकी हाय व्हय? चला, पायानं बघू."

तेव्हापासून आमच्या सहली सुरू झाल्या. आबांची दुसरी पाळी असली की ती दुपारी साडेतीनला सुरू होई. मग सकाळ मोकळी. आई फडक्यात भाकरी, कांदा आणि चटणी बांधून देई. रविवार असला तर संध्याकाळीही जायचे. भाडे म्हणून पैसा खर्च होत नसे. ट्राम तर १९६४ सालीच बंद झाली होती. आमची गाडी म्हणजे आबांचे दोन पाय.

जवळात जवळ राणीचा बाग. चिंचपोकळीवरून भायखळ्याला अर्ध्या-पाऊण तासात पोचत असू. आज त्याला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. तिथे वाघ, माकडे, पाणघोडे बघायचे. पण आबांना सगळ्यात आवडे तो दगडी हत्ती. हा हत्ती तिथला नव्हे. तो मुंबईजवळच्या घारापुरी बेटावरचा. त्या हत्तीवरूनच पोर्तुगीज लोकांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिले. पुढे १८६४ साली इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचे ठरवले. उचलताना तो पडला आणि फुटला. मग तुकडे राणीच्या बागेत आणले आणि जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आबा त्याच्याकडे बघून म्हणत, "गाव सोडून आलाय बिचारा. आपल्यावानीच."

कधी गिरगावच्या चौपाटीवर जायचे. तिथे लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांना अग्नी दिला तो याच वाळूत. आबा पुतळ्याला हात जोडत, आम्हालाही जोडायला लावत. मग वाळूत किल्ला करायचा. एक आण्याची भेळ तिघांत खायची. नवे पैसे कधीच आले होते, तरी आबांच्या तोंडी आणाच राहिला होता. जवळच तारापोरवाला मत्स्यालय होते. ते १९५१ साली उघडले. त्याला तिकीट पडे, म्हणून तिथे एकदाच गेलो. पण तो एक दिवस आम्हाला वर्षभर बोलायला पुरला.

कधी दादरला शिवाजी पार्कवर जायचे. शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा तिथे १९६६ साली बसला. पुतळा अगदी नवा होता, तेव्हा आबांनी आम्हाला खांद्यावर घेऊन दाखवला.

या सहलींत आबांचा एक नियम होता. वाटेत पाटी दिसली की ती मोठ्याने वाचायची. दुकानाची पाटी, रस्त्याची पाटी, बसवरची पाटी, पिंजऱ्यावरची पाटी. आबा थांबत आणि विचारत,

"वाच रं, काय लिवलंय?"

आम्हाला वाटे, आबा आमची परीक्षा घेतात. आम्ही घडाघडा वाचत असू. आबा मान डोलावत. लोक ऐकत. आमची छाती फुगे. आबांना एकही अक्षर येत नाही, हे आम्हाला पुष्कळ दिवस कळलेच नव्हते. कळले तेव्हा आमची छाती आणखीच फुगली. बाप आपल्याला विचारतो! त्या फुगण्यातूनच पुढे चूक घडली. ती आज तुमच्यापुढे कबूल करतो.

साल १९६७. मे महिना. आम्ही नऊ वर्षांचे, धाकटा सहा वर्षांचा. पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. आबा म्हणाले, "आज हाजीअलीला जाऊ."

हाजीअलीचा दर्गा समुद्रात आहे. रस्त्यापासून दर्ग्यापर्यंत एक अरुंद वाट जाते. दोन्ही अंगांना पाणी. ओहोटी असली की वाट उघडी असते आणि माणसे चालत जातात. मोठी भरती आली की वाट पाण्याखाली बुडते. मग आतला माणूस आत आणि बाहेरचा बाहेर. तिथे मुसलमान जातात, हिंदू जातात, सगळे जातात.

आम्ही लालबागहून निघालो. आर्थर रोड, सात रस्ता, महालक्ष्मीचे स्टेशन असे चालत गेलो. दहा वाजता पोचलो. वाटेच्या तोंडाशी फुलांचे एक दुकान होते. दुकानाच्या फळीवर खडूने काही लिहिलेले होते. आबा थांबले.

"वाच रं, काय लिवलंय?"

धाकटा पुढे पळाला होता. आम्हालाही पळायचे होते. तिथे भिरभिरी विकणारा एक माणूस उभा होता, आमचे डोळे त्याच्याकडे. आम्ही फळीकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. आम्ही म्हणालो,

"काही नाही आबा. नारळाचा भाव लिवलाय."

आणि पळालो.

फळीवर काय होते? 'एक वाजता वाट बंद.' एवढी चार शब्दांची ओळ. दुसरीतल्या पोराला वाचता येईल अशी.

आत गेलो. आबांनी दर्शन घेतले. मागच्या खडकांवर बसून आम्ही भाकरी खाल्ली. खेकडे पकडले, शंख गोळा केले. वेळ कसा गेला, कळले नाही. एक वाजून गेला. निघायला म्हणून आलो, तर वाट कुठे आहे? वाटेवर पाणी आले होते. मध्ये मध्ये दगड दिसत होते, मध्ये मध्ये दिसत नव्हते.

आबा घाटावरचे माणूस. नदी त्यांना कळे. कोयनेच्या पुरात ते पोहलेले. पण समुद्र त्यांना नवा होता. नदीचे पाणी चढते ते पाऊस पडला तर. इथे पाऊस नाही, ढग नाही, आणि पाणी चढते आहे! त्यांना वाटले, गुडघाभर पाणी आहे, जाऊ. आणि साडेतीनला गिरणीच्या दारात उभे राहायचे होते.

त्यांनी धाकट्याला खांद्यावर घेतले. आमचा हात धरला. पाच-पंचवीस पावले गेलो. पाणी आबांच्या गुडघ्याला लागले, म्हणजे आमच्या कमरेला. तेवढ्यात एक लाट आडवी आली. आमचा पाय शेवाळावरून घसरला आणि वाटेच्या कडेवरून आम्ही खाली गेलो. नाकातोंडात खारे पाणी गेले. आबांचा हात सुटला. पण त्यांनी दुसऱ्या हाताने आमच्या सदऱ्याची मानगूट पकडली आणि ओढून वर घेतले. मागून लोक ओरडत होते, "मागे फिरा! मागे फिरा!" दोघे जण धावत पाण्यात आले. त्यांनी धाकट्याला घेतले, आम्हाला धरले. आम्ही सगळे पुन्हा दर्ग्यात गेलो.

तिथे एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला कोरडे फडके दिले, चहा पाजला. आबांना म्हणाले, "भाऊ, वेळ लिहिलेली असते बाहेर. वाचली नाही का?"

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. ते पाण्यापलीकडे गिरण्यांच्या धुराड्यांकडे बघत बसले. तीन वाजले, साडेतीन वाजले. पाच वाजून गेल्यावर वाट मोकळी झाली. आम्ही मुकाट्याने घरी आलो.

त्या दिवसाचा खाडा पडला. बदलीवाल्याचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली आणि दुसऱ्या दिवशी मुकादमाची बोलणीही खाल्ली. त्या आठवड्यात आईने शेजारून रॉकेल उसने आणले. आबांनी आम्हाला मारले नाही. रागाचा एक शब्द बोलले नाहीत. आम्हाला वाटले, त्यांना कळले नाही. आम्हीही सांगितले नाही. पण रात्री झोप येईना. पोरे खोटे बोलतात, विसरतात. हे खोटे मात्र विसरता येईना. कारण त्या खोट्याने धाकटा बुडाला असता, आम्ही बुडालो असतो आणि आबाही बुडाले असते.

आता इथे समुद्राचे थोडे सांगतो. तुमच्यातले काही जण मुंबईला, कोकणात जातात. उपयोगी पडेल.

समुद्राचे पाणी दिवसरात्रीत दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. असे का होते? चंद्र पाण्याला ओढतो. सूर्यही ओढतो, पण कमी. चंद्र रोज उशिरा उगवतो, हे तुम्ही पाहिलेच आहे. तशी भरतीही रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास पाणी फार चढते आणि फार उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो. त्याला भांग म्हणतात.

मुंबईच्या कोळ्यांचा एक सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल, तितक्या वाजण्याच्या सुमारास भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि रात्री तीनला पाणी पुरे चढलेले. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. हा हिशेब ढोबळ आहे. नक्की वेळ छापलेली मिळते, ती पाहावी. आम्ही अडकलो त्या दिवशी कोणती तिथी होती? चतुर्थी. भरती तीनला. हा हिशेब आम्हाला चाळीतल्या एका कोकणी काकांनी नंतर सांगितला. आधी माहीत असता तर!

असो. पुढचे ऐका.

मे संपला, शाळा सुरू झाली. एका रात्री आबा जेवून उठले आणि कोनाड्यातून आमची जुनी पाटी काढली. आईने विचारले, "हे काय?" आबा म्हणाले, "वर्गाला जातो."

मुंबईत प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी १९३९ साली एक समिती स्थापन झाली होती. तेव्हापासून गिरणगावात, चाळीचाळींतून असे वर्ग भरत आले होते. असाच एक वर्ग आमच्या शेजारच्या चाळीत भरे. दिव्याखाली वीस-पंचवीस बाप्ये माणसे मांडी घालून बसत. कोणाचा हात सूत तोडून तोडून चिरलेला, कोणाच्या केसांत कापसाची पिंजण. पेन्सिल धरताना बोटे वाकत नसत. आबा म्हणत, "साचा चालवणं सोपं, पर ह्यो 'ळ' लई वळवळतोय." तुमच्यातल्या कोणाला असे वाटले असेल, तर लाजू नका. आमच्या आबांनाही तसेच वाटले होते.

आबांना आधी लाज वाटे. पण त्यांना धीर दिला तो आमच्या आत्याने. ती गावाकडे असे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावोगाव बायका आणि बाप्ये पाट्या घेऊन बसले. त्यात आत्या शिकली. शिकल्यावर तिने आबांना स्वतःच्या हाताने कार्ड लिहिले. आबांनी ते चाळीतल्या एकाकडून वाचून घेतले आणि ट्रंकेत जपून ठेवले. पुढे किती तरी वर्षे ते तिथेच होते. वर्गात जायला लागल्यावर पाचव्या महिन्यात आबांनी ते कार्ड बाहेर काढले आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचले. वाचायला अर्धा तास लागला. आई भाकरी थापायची थांबली होती. कार्डात विशेष काही नव्हते. म्हैस व्याली, पाऊस बरा आहे, भाऊ तू जिवाला जप, एवढेच. आबांनी ते दोनदा वाचले.

दोन वर्षांनी, १९६९ सालच्या मे महिन्यात, आबांनी आम्हाला मोठ्या सहलीला नेले. ही मुक्कामाची सहल. पैसे साठवले होते. दोन रात्री बाहेर राहायचे, लोहगड बघायचा, असे ठरले.

दादरला पुण्याकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत बसलो. सामान काय होते? एक पातेले, तांदूळ, डाळ, कांदे, मीठ-मिरची, दोन घोंगड्या, एक कंदील, एक काठी आणि पाण्याचा मोठा फिरकीचा तांब्या. गाडी निघाली. आम्ही सवयीने स्टेशनांची नावे वाचायला लागलो. आबा म्हणाले, "तुम्ही गप बसा. आज मी वाचतो."

आणि आबा वाचू लागले. ठाणे. कल्याण. कर्जत. कर्जतला गाडीच्या मागे आणखी इंजिने जोडतात, कारण पुढे घाट चढायचा असतो. खंडाळा. लोणावळा. मग एक लहान स्टेशन आले. पाटी पुढे सरकत होती. आबांचे ओठ हलत होते. "म... ळ... व... ली. मळवली! उतरा, उतरा, हेच!"

आम्ही उतरलो. गाडी निघून गेली. फलाटावर आबा त्या पाटीपुढे उभे राहिले. कोणी सांगितले नव्हते, कोणाला विचारले नव्हते. स्वतःच्या डोळ्यांनी वाचून ते आपल्या पोरांना घेऊन बरोबर ठिकाणी उतरले होते.

मळवलीहून भाजे गाव जवळ आहे. गावावरच्या डोंगरात लेणी आहेत. ती दोन हजार वर्षांहून जुनी. माणसांनी छिन्नी-हातोड्याने डोंगर कोरून काढला आहे. लेणी पाहिली. मग आबांनी गावातल्या जाणत्या माणसाला भेटून मुक्कामाची परवानगी मागितली. "परक्याच्या गावात इचारल्याबिगर पथारी टाकू नये," हा त्यांचा नियम. गावकऱ्यांनी मारुतीच्या देवळाजवळ, आंब्याखाली जागा दिली.

तिथे आम्हाला निराळेच आबा दिसले. मुंबईत आम्ही पाटी वाचायचो आणि ते ऐकायचे. इथे ते वाचत होते आणि आम्ही ऐकत होतो. वारा कुठून येतो ते बघून त्यांनी तीन दगडांची चूल मांडली. ओढ्याच्या पात्रात झोपायचे नाही, कारण वर डोंगरात वळीव पडला तर पाणी अचानक येते, हे सांगितले. दगड उचलायचा तो आपल्याकडची बाजू खाली ठेवून, पलीकडची कड वर करून. म्हणजे खाली विंचू असला तर आपल्या अंगावर येत नाही. धुळीतला माग बघून म्हणाले, "ह्यो ससा. ह्यो कोल्हा, कालचा."

दुसऱ्या दिवशी पहाटेच लोहगड चढलो. गड साडेतीन हजार फुटांच्या आत-बाहेर उंच. वर जाताना एकापाठोपाठ एक दरवाजे लागतात. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा, महादरवाजा. १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांना हा गड मोगलांना द्यावा लागला. १६७० साली मराठ्यांनी तो परत घेतला. गडाचा एक लांब निमुळता कडा आहे. त्याला विंचूकाटा म्हणतात, कारण तो विंचवाच्या नांगीसारखा दिसतो. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. त्यांत हा लोहगडही आहे.

त्या रात्री जेवण झाल्यावर घोंगडीवर पडलो. चूल विझवून तिच्यावर पाणी ओतले होते. आभाळ ताऱ्यांनी भरलेले. लालबागला धुरामुळे एवढे तारे आम्ही कधी पाहिले नव्हते. आबांनी सप्तर्षी दाखवले. पण सप्तर्षी हे आमच्या पुस्तकातले नाव. आबा त्यांना बाज आणि तीन चोर म्हणत. चार तारे ही बाज आणि मागचे तीन हे चोर. बाजेच्या टोकाच्या दोन ताऱ्यांवरून सरळ पुढे गेले की ध्रुव सापडतो. ध्रुव सापडला की उत्तर सापडते. दक्षिणेकडे विंचू वर येत होता, तोही दाखवला.

धाकटा झोपी गेला. आमच्या मनात दोन वर्षांचे ओझे होते. अंधारात तोंड दिसत नव्हते, म्हणून धीर आला. आम्ही म्हणालो,

"आबा, हाजीअलीला मी खोटं बोललो. फळीवर नारळाचा भाव नव्हता."

आबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले,

"ठावं हाय."

"कसं?"

"अक्षरं आल्यावर एकटाच गेलो हुतो तिथं. फळी तशीच हुती. 'अकरा वाजता वाट बंद' असं लिवलं हुतं त्या दिवशी. वाचलं आनि समजलो."

"मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू नऊ वर्साचं पोर. पोरानं पोरासारखं केलं. पर मी तर बाप. दोन लेकरांचा जीव एका फळीवर टांगला आनि ती फळी मला वाचता येईना. चूक तुझी हाय, तशी माझीबी हाय. म्या माझी सुधारली. तू तुझी सुधार, म्हंजी झालं."

एवढे बोलून ते कुशीवर वळले. आम्ही पुष्कळ वेळ जागे होतो. पुढे आम्ही मास्तर झालो ते त्या रात्रीमुळेच. शाळेत पोरांना आम्ही एक गोष्ट वारंवार सांगत आलो. ती तुम्हालाही सांगतो. वाचता येणे वेगळे आणि वाचणे वेगळे. आम्हाला वाचता येत होते, पण आम्ही वाचले नाही. आबांना वाचता येत नव्हते, पण त्यांना वाचायचे होते. दोघांत जास्त शहाणे कोण होते?

पुढचे थोडक्यात सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप लांबला. पुष्कळ गिरण्या पुन्हा नीट चालू झाल्याच नाहीत. जिथे धुराडी होती, तिथे आज उंच इमारती आहेत. आबा गावाला परत गेले. संध्याकाळी ते देवळाच्या पारावर बसून वर्तमानपत्र वाचत आणि म्हातारे भोवती बसून ऐकत. आता आबा नाहीत. त्यांची काठी आमच्याकडे आहे.

मंडळी, आता तुमचे सांगा. तुमच्या घरात पोरे आहेत, नातवंडे आहेत. उन्हाळ्यात शाळेला सुट्टी असते. पोरे उनाडतात म्हणून आपण ओरडतो. त्यापेक्षा त्यांना घेऊन निघा. तालुक्याचा किल्ला असेल, धरण असेल, लेणे असेल, नदीचा उगम असेल. भाकरी बांधून घ्या. एक दिवसात जाऊन या. जमले तर एक रात्र राहा. बाया असोत, बाप्ये असोत, मुलीलाही न्या, मुलालाही न्या. आमच्या आबांना मुली नव्हत्या. असत्या तर त्यांनाही त्यांनी नेले असते.

जाताना चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, पाणी बरोबर न्या आणि ऊन चढायच्या आत चालून घ्या. दुसरी, अनोळखी पाण्यात पोरांना उतरवू नका. आधी तिथल्या माणसाला विचारा. तिसरी, चूल पेटवाल ती विझवूनच उठा. उन्हाळ्यात एक ठिणगी डोंगर जाळते. चौथी, पाटी दिसली की थांबा आणि वाचा.

आणि पोरांपुढे अडखळत वाचायला लाजू नका. त्यांना अक्षरे येतात, ती त्यांच्याकडून घ्या. तुम्हाला माती कळते, झाडे कळतात, ढोरे कळतात, आभाळ कळते. ते त्यांना द्या. आमच्या आबांनी तेच केले.

आज वर्ग सुटल्यावर घरी जाल. वाटेत एखादी पाटी लागेलच. एसटीच्या थांब्याची असेल, सोसायटीची असेल, दवाखान्याची असेल. पोराचा हात धरून तिच्यापुढे थांबा. त्याला म्हणा, "तू गप बस. आज मी वाचतो."

रामराम.